देहविक्रय आणि सरकारी आरोग्य तपासणी : सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात एचआयव्ही तपासणी केंद्रावर समुपदेशक म्हणून अकरा वर्षं बसले. ते काम सोडून आता बराच काळ झाला, पण लोकांनी मला सोडलेलं नाही. रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, कॉलेजातल्या एखाद्या व्याख्यानानंतर कुणाला माझं जुनं काम कळलं की पाच मिनिटांत गाडी एकाच स्टेशनावर येते : "मॅडम, हा धंदा एकदाचा कायदेशीर करावा आणि सरकारने दर महिन्याला त्या बायकांची तपासणी करावी. विषय संपला."

विषय संपत नाही असं माझं मत आहे. का, ते इथे एकदाच लिहून ठेवते. वस्तीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. सोलापूरकरांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना त्याची गरज नाही.

हा धंदा भारतात बेकायदेशीरच आहे ना? मग 'कायदेशीर' करायचं म्हणजे काय?

अर्ध्याहून जास्त लोक इथेच चुकतात. प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवला तर तो आपल्याकडे गुन्हा नाही. गुन्हा आहे तो त्याच्या आजूबाजूला : कुंटणखाना चालवणं, दलाली, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं. हा १९५६ चा कायदा. १९८६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्याला आजचं नाव मिळालं, अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम. पोलिसांच्या आणि पेपरवाल्यांच्या तोंडी 'पिटा'.

या कायद्यातली कुंटणखान्याची व्याख्या एकदा वाचा. दोन बायकांनी मिळून एक खोली घेतली, भाडं अर्धं अर्धं भरलं आणि तिथे धंदा केला, तर ती खोली कुंटणखाना ठरते. म्हणजे सोबतीला दुसरी बाई असणं, जे खरं तर सुरक्षित, तेच कायद्याच्या कचाट्यात. शिवाय देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हे काम करता येत नाही. सोलापूरच्या पेठांत दोनशे मीटरची दोरी घेऊन फिरा आणि वाटेत देऊळ, दर्गा किंवा शाळा लागली नाही अशी जागा मला दाखवा.

'कायदेशीर करा' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा परवाना असतो : नोंदणी, कार्ड, ठरवून दिलेली जागा, तपासणी. दुसरा मार्ग म्हणजे प्रौढांच्या या व्यवहारावरची फौजदारी कलमं काढून टाकायची आणि बाकीच्या कामधंद्यांना लागतात तेच नियम इथे लावायचे. न्यूझीलंडने २००३ मध्ये हे केलं. तिसरा मार्ग स्वीडनचा, १९९९ पासूनचा : विकणाऱ्या बाईला गुन्हेगार धरायचं नाही, विकत घेणाऱ्या पुरुषाला धरायचं. या तिन्हींत आरोग्याचे नियम वेगळे पडतात. त्यामुळे 'कायदेशीर' म्हणताना आपण यातलं काय मागतोय, ते आधी ठरवलेलं बरं.

कायदेशीर केलं, तर दर महिन्याला सक्तीची तपासणी का नको?

माझ्या टेबलासमोर घडलेली एक गोष्ट सांगते.

एक बाई आली. वय तिशीच्या आसपास, कर्नाटक सीमेकडची, मराठी-कानडी मिसळून बोलणारी. तपासणीला तयार होती, पण बोलता बोलता पर्समधून तिने एक कागद काढला. आमच्यासारख्याच एका केंद्राचा निगेटिव्ह रिपोर्ट, आठ महिन्यांपूर्वीचा. लॅमिनेशन केलेला. कडा व्यवस्थित गोल कापलेल्या. मी विचारलं, "हे कशाला गं?" ती म्हणाली, "अक्का, निरोध नको म्हणणाऱ्याला दाखवते. तो दोनशे जास्त देतो."

सरकारी तपासणीचा कागद बाजारात गेल्यावर त्याचं काय होतं, ते त्या लॅमिनेशनमध्ये होतं. आम्ही जो कागद तिच्या काळजीपोटी दिला, त्याने तिच्याच अंगावरचं एकमेव चिलखत दोनशे रुपयांना उतरवलं. तिला दोष देऊ नका. दोनशे रुपयांत तिच्या मुलीचा आठवड्याचा खर्च निघत होता.

आता कागदाच्या खरेपणाचं बघू. एचआयव्हीची लागण झाल्यावर रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) दिसायला साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ जातो. याला विंडो पिरियड म्हणतात. म्हणजे आज घेतलेलं रक्त आजचं बोलत नाही, काही आठवड्यांपूर्वीचं बोलतं. आणि याच काळात शरीरात विषाणू भरपूर असतो. समजा, एक बाई दिवसाला पाच गिऱ्हाइकं घेते आणि महिन्यात पंचवीस दिवस काम करते. दोन तपासण्यांच्या मध्ये सव्वाशे पुरुष आले. तपासली गेली ती एक. सव्वाशे जण बिनतपासणीचे. यातून नेमकं कोण कुणापासून सुरक्षित झालं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आणि सक्ती झाली की ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे त्याच गायब होतात. ज्या बाईला दोन महिन्यांपासून जखम आहे, जिला आपला रिपोर्ट वाईट येणार अशी भीती आहे, ती कार्डाच्या रांगेत उभी राहणार नाही. ती गावाच्या टोकाला, ढाब्यामागे, बिनकार्डाची काम करेल आणि तिथे निरोध पोचवायला कुणी जाणार नाही.

पण एचआयव्ही तपासणी सक्तीची करायला कायद्याने हरकत आहे का?

आहे, आणि चांगलीच आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही, रिपोर्ट परस्पर कुणाला सांगता येत नाही आणि नोकरी मिळण्यासाठी अशी चाचणी ही अट ठेवता येत नाही. धंदा उद्या खरोखरच 'काम' म्हणून मान्य झाला, तर कामाच्या ठिकाणचं हे संरक्षण त्या बाईलाही लागणार. कायदेशीर करा आणि सक्तीने तपासा, ही दोन वाक्यं एका दमात म्हणणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

हॉटेलातल्या आचाऱ्याचं मेडिकल होतं. मग यांचं का नको?

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो रागाने विचारलेला नसतो.

आचाऱ्याकडून जेवणाऱ्याला रोग जाऊ शकतो, जेवणाऱ्याकडून आचाऱ्याला सहसा जात नाही. इथे दोन्ही बाजूंनी जातो. नुसतं शरीर बघितलं तरी पुरुषाकडून बाईकडे तो जास्त सहज जातो. एकाच बाजूची तपासणी म्हणजे दोन दारांच्या घराला एकाच दाराला कुलूप.

मला जवळची वाटते ती तुलना वेगळी आहे, आणि ती सोलापूरचीच आहे. १८७७ मध्ये इथे जुनी मिल उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या. आमच्या आजोबांच्या पिढीने तिथे कापसाची धूळ खाल्ली. सोमवारी सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळायची. त्या विकाराला नाव आहे, बिसिनोसिस. त्या वेळी कुणी असं म्हणालं का, की कामगाराला दर महिन्याला तपासा आणि खोकला निघाला तर हाकलून द्या? कारखाने अधिनियम, १९४८ ने मालकाला सांगितलं की धूळ ओढून बाहेर टाकण्याची सोय तू कर. नियम खात्यातल्या हवेला होता, कामगाराच्या फुप्फुसाला नव्हता. विडी वळणाऱ्या बायकांसाठी १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला तोही त्याच अंगाने : उद्योगाकडून उपकर घ्या आणि त्यातून बाईला दवाखाना द्या.

धंदेवाल्या बाईच्या बाबतीतच आपल्याला नियम तिच्या शरीराला लावावासा का वाटतो, हे प्रत्येकाने आपापलं विचारून बघावं.

असं पूर्वी कधी करून पाहिलंय का?

करून पाहिलंय, आणि आपल्याच देशात.

१८६४ मध्ये इंग्लंडने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्याच वर्षी इथल्या छावण्यांसाठीही कायदा झाला आणि १८६८ मध्ये मोठ्या शहरांना व बंदरांना लागू करता येईल असा भारतीय कायदा आला. धंदेवाल्या बाईने नाव नोंदवायचं, तिकीट बाळगायचं, ठरावीक दिवशी डॉक्टरसमोर हजर व्हायचं. रोग निघाला तर 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या गुप्तरोगांच्या दवाखान्यात डांबून ठेवायचं. हेतू एकच, गोऱ्या शिपायाला गरमी-परमा (सिफिलिस-गनोरिया) होऊ नये. आपल्याकडचं सदर बझार हे नाव त्याच छावणीच्या काळाचं अवशेष आहे. फौज जिथे असे, तिथे बाजार आणि बाजाराच्या मागे चकला, म्हणजे कुंटणखाना.

शिपायाची तपासणी मात्र नव्हती. ती त्याच्या आत्मसन्मानाला लागते, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. १८७१ च्या ब्रिटिश राजआयोगाने तर स्पष्टच लिहिलं की दोघांची तुलना होऊ शकत नाही, कारण बाई पैशासाठी करते आणि पुरुष नैसर्गिक ऊर्मीपोटी. शंभर-दीडशे वर्षं झाली, मी हेच वाक्य सात रस्त्याजवळच्या चहाच्या गाड्यावर जसंच्या तसं ऐकलंय.

झालं काय? बायका नोंदणीतून निसटल्या. शिपायांमधला रोग हटला नाही. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत थांबवला, १८८० मध्ये परत आणला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला. इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर या बाईने सोळा-सतरा वर्षं त्याविरुद्ध चळवळ चालवली आणि १८८६ मध्ये तो रद्द करवला.

एचआयव्ही आला तेव्हा पुन्हा तीच खोड. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातल्या पहिल्या एचआयव्हीबाधितांचा शोध लावला, तो धंदेवाल्या बायकांच्या रक्तात. त्या बायका सरकारी सुधारगृहात होत्या. गोव्यात तर १९८७ मध्ये बाधितांना वेगळं कोंडण्याची तरतूद कायद्यातच आली. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला त्या तरतुदीखाली ६४ दिवस कोंडलं. तो धंद्याशी संबंधित नव्हता, रक्तदाता होता. कोंडण्याचा कायदा एकदा हाताशी आला की तो कुणावर चालेल हे सांगता येत नाही.

इतर देशांत काय नियम आहेत?

सगळं जग सांगत बसत नाही, जे शिकवतं तेवढंच.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात काही परगण्यांत परवान्याचे कुंटणखाने आहेत. तिथे परमा आणि क्लॅमिडिया या गुप्तरोगांसाठी दर आठवड्याला, एचआयव्ही व सिफिलिससाठी दर महिन्याला तपासणी सक्तीची आहे आणि १९८८ पासून निरोधही सक्तीचा आहे. सक्तीच्या बाजूने बोलणारे हेच उदाहरण देतात. पण तिथल्या परवान्याच्या जागा मोजक्या, बायका मोजक्या, आणि लास व्हेगास शहरात तर हा धंदा बेकायदेशीरच आहे, तरी चालतो. तपासणी लागू आहे ती आधीच सुरक्षित असलेल्या थोडक्या बायकांना.

जर्मनीने २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली, पण तपासणी नाही. वर्षातून एकदा, एकवीसच्या आतल्यांना सहा महिन्यांतून एकदा, आरोग्य खात्यात जाऊन सल्ला घ्यायचा. निरोध वापरला नाही तर दंड गिऱ्हाइकाला. ही शेवटची ओळ मला फार आवडते. नोंदणी मात्र अनेक बायकांनी केलीच नाही, यादीत नाव जाण्याच्या भीतीने.

न्यूझीलंडचा कायदा मी सगळ्यांना सांगते. सक्तीची तपासणी नाही. निरोध वापरणं ही मालक, बाई आणि गिऱ्हाईक तिघांची जबाबदारी, तिघांनाही दंडाची तरतूद, मालकाला सर्वांत जास्त. आणि एक कलम असं की वैद्यकीय तपासणी झाली आहे म्हणून ही बाई रोगमुक्त आहे, असं सांगणं किंवा सुचवणं हाच गुन्हा. लॅमिनेशनवाल्या कागदाची आठवण झाली का?

थायलंडची गोष्ट वेगळीच. तिथे धंदा बेकायदेशीर असूनही १९८९ मध्ये राचबुरी प्रांतात आणि १९९१ पासून देशभर 'शंभर टक्के निरोध' मोहीम चालवली. कोणताही कुंटणखाना बिननिरोधाचं गिऱ्हाईक घेणार नाही, म्हणजे 'शेजारी चालतं' असं म्हणून गिऱ्हाईक पळायला जागाच नाही. गुप्तरोगाच्या दवाखान्यात पुरुष आला की त्याला विचारायचं, कुठे गेला होतास? मग त्या जागेच्या मालकाला धरायचं. काही वर्षांत निरोधाचा वापर नव्वद टक्क्यांवर गेला. पोलिसांच्या धाकावर उभी केलेली ती मोहीम जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही, पण बोट कुणाकडे दाखवलं ते बघा.

मग सरकारने काहीच नियम करू नयेत?

असं मी कुठे म्हटलं? मला तर भरपूर नियम हवेत. फक्त ते जागेला, मालकिणीला, गिऱ्हाइकाला आणि स्वतः सरकारला लागणारे हवेत.

पहिला नियम पाण्याचा. हसू नका. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनी भरलं काय, नाही भरलं काय, आपला नंबर यायचा तेव्हा येतो. ज्या खोलीत दिवसाला पाच-सात पुरुष येतात, तिथे बाईने अंग धुवायचं कशाने? मी पाहिलेल्या एका खोलीत पत्र्याचं छत होतं आणि मे महिना, बाहेर त्रेचाळीस अंश. कोपऱ्यात निळं पिंप, त्यावर ताट झाकलेलं, ताटावर लोटा. तेवढ्या एका पिंपावर तीन बायका, एक लेकरू आणि चार दिवस. गिऱ्हाईक झालं की अर्धा लोटा, याहून जास्त नाही, असा त्यांचा आपसात ठराव. या खोलीत सरकारी माणूस रक्ताची बाटली घेऊन येणार आणि पाण्याबद्दल अवाक्षर काढणार नाही, तर त्याला आरोग्य-नियम म्हणायचं कसं?

दुसरा नियम दाराचा. आतून लागणारी कडी, आणि संकटात बाहेर पडायला दुसरी वाट. निरोध वापरायचा नाही म्हणून हात उगारणाऱ्या माणसासमोर समुपदेशकाचं पोस्टर कामाला येत नाही, शेजारच्या खोलीतली बाई येते. म्हणूनच दोन बायकांच्या खोलीला कुंटणखाना म्हणणारी व्याख्या मला आरोग्याच्या दृष्टीनेही घातक वाटते.

घरवालीला, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीला, नियम असा हवा : बिननिरोधाचं गिऱ्हाईक नाकारणाऱ्या बाईचे पैसे कापता येणार नाहीत, आजारी असेल तर कामाला बसवता येणार नाही, दवाखान्यात जायला अडवता येणार नाही. मोडला तर दंड घरवालीला.

आणि सरकारला नियम. ज्या वेळी बाईला जमतं त्या वेळी दवाखाना उघडा ठेवा. धंद्याची वेळ संध्याकाळ ते मध्यरात्र, बायका उठतात अकराला. शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी बाराच्या आधी बंद व्हायची. मी किती जणींना 'उद्या लवकर ये' म्हणून परत पाठवलं, त्याचा हिशोब नाही. त्या उद्या आल्या नाहीत.

तपासणी म्हणजे फक्त एचआयव्हीच का?

लोकांच्या डोक्यात तेवढंच असतं. बायकांच्या डोक्यात नसतं. माझ्यासमोर बसलेल्या बायकांच्या पहिल्या तक्रारी कंबरदुखी, झोप, पित्त, दारू आणि 'अंगावरून पांढरं जातंय' याच असायच्या. क्षयाची तपासणी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, कावीळ ब ची लस, पाळणा लांबवायची साधनं, बीपी-शुगर : हे सगळं तिच्या आरोग्यात येतं. गिऱ्हाइकाला धोका आहे तेवढंच तपासायचं असेल, तर तो नियम तिच्यासाठी नाहीच, गिऱ्हाइकासाठी आहे.

सध्या काही व्यवस्था आहे की सगळं वाऱ्यावर?

आहे, आणि जगाने दखल घ्यावी अशी आहे. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, म्हणजे नॅको, सुरू झाली. तिच्या पैशावर जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवी संस्था प्रकल्प चालवतात. वस्तीतल्याच बायका 'पिअर' म्हणून नेमतात. त्या घरोघर निरोध देतात, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात घेऊन येतात, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी सुचवतात. सोलापुरात पिअरताईला चार भाषा लागतात : मराठी, कानडी, तेलुगू आणि आपली दखनी. एकच वाक्य चौघींना चार प्रकारे सांगणारी ताई मी पाहिली आहे. शाळा तिची चौथीपर्यंत.

औषधांची पाकिटं रंगावरून ओळखतात. पांढरं जाणं, खाज असेल तर हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. 'मॅडम, मागच्या वेळचं हिरवं द्या की' असं बायका सरळ मागतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट आहेत.

हे चाललं ते विश्वासावर. सांगलीतल्या 'संग्राम' आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' या संस्था, कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी सुरू केलेला प्रकल्प, या सगळ्यांचं सूत्र तेच : बायकांच्या हातात काम द्या, त्या एकमेकींना सांभाळतात. नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत देशातल्या धंदेवाल्या बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होतं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत ते पन्नास टक्क्यांच्या घरात गेलं होतं. मधल्या काळात सक्तीचं कार्ड कुणी दिलं नाही.

एक कबुली मात्र द्यायला हवी. आमच्याकडेही मार्चएण्ड असतो. टार्गेट अपुरं असलं की पिअरताई 'चल गं, माझ्यासाठी चल' म्हणत बायकांना ओढत आणायच्या आणि मी संमतीच्या कागदावर भराभर अंगठे घ्यायचे. त्याला संमती म्हणायला माझी जीभ आजही अडखळते. ऐच्छिक योजनेत हे होतं, तर सक्तीच्या योजनेत काय होईल?

यात पोलिसांचं काम काय?

आरोग्याचा नियम पोलिसाच्या हातात दिला की त्याचा हप्ता होतो. 'कार्ड दाखव' याचा अर्थ 'शंभर काढ' असा व्हायला आठवडा पुरेल. अजूनही काही बायका पर्समध्ये निरोध ठेवायला घाबरतात. रेड पडली की तोच पुरावा म्हणून दाखवतात, असा त्यांचा अनुभव. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलंय की आरोग्यासाठी वापरलेली निरोधासारखी साधनं गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत. त्याच आदेशात अत्याचार झालेल्या धंदेवाल्या बाईला तातडीची वैद्यकीय मदत द्यायला आणि पत्त्याच्या पुराव्याविना आधार कार्ड द्यायला सांगितलं. आदेश मराठीत छापून प्रत्येक चौकीत लावावा, एवढीच माझी मागणी.

वस्ती उठवली तर रोग जाईल ना?

नाही, बायका जातील. नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये गंगाजमुना वस्ती पोलिसांनी सील केली. वस्ती असते तेव्हा पिअरताईला कुठलं दार ठोठवायचं ते माहीत असतं. बायका लॉजवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, फोनवर गेल्या की ते दारच राहत नाही. सोलापुरातही पुणे-हैदराबाद हायवेवर आणि विजयपूरच्या रस्त्याला हेच दिसतं. परवान्याची पद्धत आली तर कार्ड वस्तीतल्या बाईला मिळेल आणि फोनवरची बाई तशीच राहील, हे मी आजच सांगते.

अल्पवयीन मुली आणि फसवून आणलेल्यांचं काय?

त्यांच्यासाठी आरोग्य-नियम हा शब्दच चुकीचा आहे. अठराच्या आतली मुलगी सापडली तर तो धंदा नव्हे, बलात्कार आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो, तस्करीची कलमं लागतात. तिथे माझी पोलिसांकडून शंभर टक्के अपेक्षा आहे. पण अशा मुलीची खबर बहुतेक वेळा शेजारच्या बाईकडूनच येते. तिला स्वतःला अटकेची भीती असेल तर ती तोंड उघडणार नाही.

देवदासींची गोष्ट वेगळी आहे का?

आपल्या सीमेवर थोडी आहे. देवाला मुली सोडण्याची प्रथा कर्नाटकाने १९८२ च्या आणि महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने बंद केली. तरी पन्नाशीपुढच्या काही जोगतिणी आजही केंद्रावर येतात. त्यांना तपासणीपेक्षा निराधार पेन्शन आणि चष्मा लागतो.

एचआयव्ही निघालेल्या बाईने धंदा करणं गुन्हा ठरवायला नको का?

जी बाई औषधं नियमित घेते आणि जिच्या रक्तात विषाणू मोजता येत नाही इतका कमी झाला, तिच्याकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे आता सिद्ध झालेलं विज्ञान आहे. उलट जिने कधी तपासलंच नाही, तिच्याकडून आणि तिच्या गिऱ्हाइकाकडून धोका जास्त. गुन्हा ठरवलात तर कुणी तपासणारच नाही : माहीतच नसेल तर गुन्हा कसला?

गिऱ्हाइकांना तपासायचं का मग?

सक्तीने नको, तेही जमणार नाही. पण त्यांना शोधायला हवं. ट्रकवाले, घरापासून दूर एकटे राहणारे मजूर, साखर कारखान्याच्या हंगामातले लोक, आणि हो, चारचाकीतून येणारेही. माझ्या अकरा वर्षांत गिऱ्हाईक म्हणून स्वतःहून तपासायला आलेले पुरुष दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे बायको गरोदर राहिली, तिची चाचणी झाली, तेव्हा कळले.

तुमचा या धंद्याला पाठिंबा आहे का?

माझा पाठिंबा कुणी मागितलेला नाही, आणि त्या बायकांनाही तो नको होता. हिरवं पाकीट हवं होतं.

मला स्वतःला तपासणी करायची आहे. कुठे जाऊ?

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशीच्या खिडकीवर 'आयसीटीसी' (एचआयव्ही तपासणी केंद्र) एवढंच विचारा, आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. चाचणी फुकट आहे. आधी बोलतात, मग रक्त घेतात, रिपोर्ट तुमच्याच हातात देतात. गुप्तरोगासाठी 'सुरक्षा क्लिनिक' विचारा. जायला धीर होत नसेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. संबंध येऊन बहात्तर तासांच्या आत असाल आणि निरोध फाटला असेल, तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या असतात, त्या वेळेत सुरू झाल्या तरच उपयोगाच्या. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तो घरी नीट ठेवा. लॅमिनेशन करू नका.